लेम्पीने फोडलेला कोबा

माझी मुलगी प्लंबर आहे. एवढं साधं वाक्य चारचौघांत न अडखळता म्हणायला मला सहा वर्षं लागली. त्याआधी कुणी विचारलं तर मी म्हणायचे, "लेम्पी सध्या टोलोनेनकडे काम करते," आणि पटकन हवामानावर यायचे. आमच्या उत्तर मिनेसोटात हवामानाचा विषय कधी संपत नाही.

मी शाळेच्या ग्रंथालयात एकतीस वर्षं काढली. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि दुसरी माझी मुलगी असणार हे मी तिच्या बारशालाच ठरवून टाकलं होतं. लेम्पी डुलूथच्या विद्यापीठात दीड वर्ष गेलीही. मग नाताळच्या सुटीत ती घरी आली असताना आमचं सिंक तुंबलं. गावात प्लंबर एकच, म्हातारा वेस टोलोनेन. तो ओट्याखाली शिरला आणि लेम्पी त्याच्या शेजारी पालथी पडून बॅटरी धरून राहिली. तासाभराने उठली तेव्हा कोपरापर्यंत काळी झाली होती, आणि तोंडावर असा आनंद की मला धसकाच बसला.

"आई, पाणी कुठे जातं ते मला आज कळलं."

"त्यात काय कळायचंय? खाली जातं."

"खाली नाही जात गं. उताराने जातं. उतार कमी पडला तर जात नाही, आणि जास्त झाला तर पाणी पुढे पळतं, घाण मागे राहते. फुटाला पाव इंच. बस्स."

जानेवारीत ती विद्यापीठात परत गेली नाही. मी आठवडाभर रडले. रूडी, माझा नवरा, छत्तीस वर्षं लोखंडाच्या खाणीत यंत्रं दुरुस्त करत होता, तो म्हणाला, "अगं ऐला, हाताला मळ लागणं हा आपल्याकडे आजार आहे का?" आजार नव्हता, पण रूडीच्या वडिलांची फुप्फुसं त्या मळानेच खाल्ली होती. तेव्हापासून मला रोज नवी काळजी. आज ती कुणाच्या घराखाली सरपटत शिरली असेल? गॅस असला तर? मास्क लावला असेल का? तिच्या डब्यात मी सँडविचबरोबर धुळीचे मास्क भरायचे. ती सँडविच खायची आणि मास्क गाडीच्या मागच्या सीटवर साठवायची.

टोलोनेनच्या हाताखाली ती आधी शिकाऊ होती, मग कारागीर झाली, आणि अठ्ठाविसाव्या वर्षी तिने मास्टरची परीक्षा दिली. ती पास झाली त्याच वसंतात टोलोनेनने हत्यारं खाली ठेवली आणि तळ्यावरच्या झोपडीत मासे पकडायला निघून गेला. लेम्पीने जुनी पांढरी व्हॅन घेतली आणि तिच्या दारावर आमचं आडनाव घालून 'ग्राहेक प्लंबिंग' असं रंगवून घेतलं.

आता इथे मास्टरच्या लायसन्सचा अर्थ सांगायला हवा, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. शिकाऊ असताना चूक झाली तर टोलोनेनचं नाव खराब व्हायचं. प्रत्येक कामाच्या परवान्यावर त्याचं नाव, इन्स्पेक्टरसमोर तो उभा. आता परवान्यावर नाव लेम्पीचं. पहिल्याच कामात इन्स्पेक्टरने नापास केलं, तर चार हजार वस्तीच्या या गावात दुपारच्या जेवणापर्यंत सगळ्यांना कळणार, आणि पुढचं प्रत्येक काम चाळीस मैलांवरच्या मोठ्या कंपनीकडे जाणार. "पोरीने प्रयत्न केला हो," असं लोक म्हणणार. ते कौतुकाच्या सुरात म्हटलं जातं आणि त्याने माणूस संपतो.

इन्स्पेक्टर कार्ल ऑस्टबी. उंच, वाकलेला, खिशात नेहमी पेन्सिल. रूडीबरोबर गेली तीस वर्षं नोव्हेंबरात हरणाच्या शिकारीला एकाच झोपडीत राहतो. त्याचा एक नियम सगळ्या गावाला पाठ आहे: काम तपासून कागदावर सही होईपर्यंत तो त्या घरची कॉफी घेत नाही, पाणीसुद्धा घेत नाही. सही झाली की स्वयंपाकघरात येऊन खुर्ची ओढतो. काम नापास असेल तर टोपी घालून थेट दाराबाहेर. त्यामुळे कुणाकडे तपासणी झाली की शेजारी निकाल विचारतच नाहीत. विचारतात, "कार्लने कॉफी घेतली का?"

लेम्पीचं पहिलं काम विडा पेर्कोविचकडे निघालं. विडा अठ्ठ्याहत्तर वर्षांची, आमच्या मागच्या गल्लीत राहते. तिच्या तळघरात, आमच्याकडच्या जुन्या घरांत असतो तसा, मोकळ्या जमिनीच्या मधोमध एक कमोड आहे. ना भिंत, ना दार. खाणीतून आलेला माणूस मागच्या दाराने तळघरात शिरायचा, लाल मातीचे कपडे तिथेच टाकायचा, तिथेच अंग धुवायचा, आणि मगच वर चढायचा. त्या कमोडला आडोसा हवा असं पन्नास वर्षांत कुणाला वाटलं नाही. पण आता विडाचा स्टाने नावाचा भाऊ, क्लीव्हलँडहून, बायको गेल्यावर तिच्याकडे कायमचा राहायला येणार होता, आणि त्याची खोली तळघरात होणार होती.

"अगं, सख्खा भाऊ असला म्हणून काय झालं?" विडा लेम्पीला म्हणाली. "क्लीव्हलँडचा माणूस आहे. त्याला मी चौकात बसवू का? भिंत हवी, शॉवर हवा, आरसा हवा. आरसा मोठा नको, त्याचं नाक मोठं आहे."

"भिंतींचं नंतर बघू, विडाकाकू. आधी जमीन फोडावी लागेल."

"का? कमोड आहे की."

"त्याच्याखालचा पाइप तुमच्या वयाचा आहे."

"मी अजून गळत नाही हो!"

"तुम्ही नाही गळत. तो गळतो."

मी तिथेच होते. विडा इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात लेम्पीने तळघराची जमीन कापली, जुना पाइप काढला आणि चर खणून नवे पाइप घातले. कमोडचा, शॉवरचा, बेसिनचा असे तिन्ही एका मोठ्या पाइपाला जोडलेले, आणि हवा जाण्यासाठी एक उभा पाइप. सगळीकडे फुटाला पाव इंच उतार. शुक्रवारी संध्याकाळी तिने सगळी तोंडं बुचांनी बंद केली आणि उभ्या पाइपातून पाणी भरलं, काठोकाठ. तपासणीची पद्धतच ती. इन्स्पेक्टर येतो, पाण्याच्या पातळीवर पेन्सिलने खूण करतो आणि पंधरा मिनिटं उभा राहतो. पाणी खुणेखाली उतरलं तर कुठेतरी सांधा गळतो आहे. आणि तोपर्यंत चर उघडा हवा, कारण जे डोळ्यांनी दिसत नाही त्यावर सही होत नाही. वर वाळू आणि काँक्रीट, ते सहीनंतर.

"सोमवारी नऊला कार्लकाका येणार," ती मला म्हणाली. "तोवर कुणी खाली उतरायचं नाही. विडाकाकूंना सांगितलंय."

मला ताबडतोब चित्र दिसलं: विडा, हातात धुतलेल्या कपड्यांची टोपली, आणि पाय चरात. तिचं कपडे धुण्याचं यंत्र तळघरातच आहे. शुक्रवारी झोपेपर्यंत ते चित्र डोळ्यांसमोरून हलेना. शनिवारी सकाळी उठल्या उठल्या मी रूडीला म्हटलं, "तो खड्डा दोन दिवस तसाच उघडा राहणार. विडा पडली म्हणजे?"

मी हे बोलले नसते, तर पुढचं झालं नसतं. रूडी म्हणतो झालंच असतं. मला तसं वाटत नाही.

त्या शनिवारी विडाच्या घरामागच्या स्लोव्हेनियन सभागृहाच्या दारात चाकांच्या खुर्चीसाठी रॅम्प बांधायचा होता. रूडी, त्याचा मित्र वाइनो आणि आणखी चार निवृत्त गडी सकाळी सातपासून फळ्या ठोकत होते. नऊला काँक्रीटचा ट्रक आला. अकराला रॅम्प भरला, आणि ट्रकात काँक्रीट उरलं.

इथे तुम्हाला आमची माणसं ओळखावी लागतील. खाण वर्षात सहा महिने बंद पडलेली या लोकांनी लहानपणी पाहिली आहे. आमच्याकडे वाकडा खिळा सरळ करून डब्यात ठेवतात. सॉनातलं, म्हणजे वाफेच्या न्हाणीतलं, उरलेलं गरम पाणी जमीन पुसायला वापरतात. ट्रक-ड्रायव्हर म्हणाला, "उरलेलं मी आता माळावर ओतून देतो," आणि सहा म्हाताऱ्यांच्या काळजात एकदम कळ आली.

"ओततो काय?" वाइनो म्हणाला. "चांगलं काँक्रीट?"

"रूडी," दुसरा म्हणाला, "तुझ्या पोरीला लागणारच आहे की. विडाकडे."

आणि रूडीच्या कानात माझं सकाळचं बोलणं होतं.

ट्रक मागे घेतला, तळघराच्या खिडकीतून पन्हळ आत सोडली. रूडी आत उतरला, त्याने चर पाहिला, पाण्याने भरलेला पाइप पाहिला. एवढं पाणी आत कशाला, उगाच वजन, असा विचार करून त्याने एक बूच सैल केलं आणि पाणी सोडून दिलं. घाईघाईत वाळूची चार फावडी टाकली, कारण ड्रायव्हर घड्याळ बघत होता. मग काँक्रीट आलं. विडा वरून म्हणत होती, "सावकाश हो, माझ्या लोणच्याच्या बरण्या आहेत तिथे!" आणि सगळ्यांसाठी पोतित्सा, म्हणजे अक्रोड भरलेला गोड पाव, कापत होती. मीही ती कापायला मदत केली. खाली काय चाललंय ते मला माहीत होतं. खड्डा बुजतोय म्हणून मला बरं वाटत होतं.

लेम्पी शॉवरचं सामान आणायला डुलूथला गेली होती. दोनला परत आली. तोपर्यंत रूडीने थापी मारून मारून तो कोबा आरशासारखा गुळगुळीत केला होता, आणि कोपऱ्यात, ओल्या काँक्रीटमध्ये, खिळ्याने कोरलं होतं: ल. ग्रा. तिच्या पहिल्या कामावर तिचं नाव.

ती पायऱ्या उतरली. मी मागे होते. खाली वाकून तिने कोब्यावर तळहात ठेवला, ताप पाहतात तसा.

"कसा झालाय?" रूडीने विचारलं. त्याच्या आवाजातला अभिमान मला आजही ऐकू येतो. "एक पैचं काँक्रीट वाया नाही गेलं."

"बाबा, तपासणी सोमवारी आहे."

"हो मग? तुझे फोटो आहेत ना? फोनमध्ये? शुक्रवारी तूच दाखवलेस मला."

"पाइपात पाणी भरलेलं होतं."

"ते सोडलं मी. परत भर की. त्याला काय?"

"आणि कार्ल काय परका आहे का?" पायऱ्यांवरून वाइनो म्हणाला. तोंडात पोतित्सा होती. "तीस वर्षं तुझ्या बापाचं घोरणं ऐकतोय तो. डोळे मिटून सही करेल."

"डोळे मिटून केली तर ती सही कसली, वाइनोकाका?"

"बघा, शहाणी! अगं, गावात कुणाच्या घरात काय पुरलंय हे सगळं तपासायला बसलं तर गाव खणावं लागेल."

रूडीने मग आणखी एक गोष्ट केली. वर जाऊन विडाच्या फोनवरून त्याने कार्लला फोन लावला. मी स्वयंपाकघरात होते, मला एकच बाजू ऐकू आली. "हो... नाही, नाही, पाइप उत्तम आहेत, मी स्वतः पाहिलेत... फोटो आहेत... अरे, माझा शब्द आहे ना... हॅलो?" त्याने फोन खाली ठेवला.

"काय म्हणाला?" मी विचारलं.

"म्हणाला, परवाना तिचा आहे तर फोन तुझा का?"

लेम्पी दारात उभी होती. आयुष्यात ती बापावर फार क्वचित ओरडली आहे. तेव्हाही ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"माझ्या इन्स्पेक्टरला तू फोन केलास?"

"मी म्हटलं..."

"मी तीन दिवस गुडघ्यावर बसून तो उतार लावला, बाबा. एकेक फूट. तुला विचारून लावला का?" मग माझ्याकडे वळून, "आई, काँक्रीट फोडायच्या ब्रेकरला लांब वायर लागेल. घरच्या गॅरेजमधली मिळेल का?"

"लेम्पी, तू ते फोडणार आहेस?"

"उद्या सकाळी. आज फोडलं तर ओलं आहे, पाइपावर बसेल."

मला दोन्ही बाजूंनी भीती वाटली, हे कबूल करते. नाही फोडलं आणि कार्ल नापास करून गेला तर? फोडलं आणि पाइपालाच ब्रेकर लागला तर? आणि रूडीचं तोंड. तो टोपी हातात घेऊन विडाच्या अंगणातून घरी निघाला होता, आणि पाठीमागून म्हातारा दिसत होता.

रविवारी सकाळी चर्चच्या घंटेच्या आधी लेम्पीचा ब्रेकर सुरू झाला. त्या गल्लीतून चर्चला जाणारं प्रत्येक कुटुंब विडाच्या तळघराच्या खिडकीशी थांबून पुढे गेलं. मी सॉनाच्या बाकावरच्या चादरी झाडत होते आणि तो आवाज मोजत होते. सुरू झाला की वाटायचं, आता पाइपात घुसला. बंद पडला की वाटायचं, तिला काहीतरी झालं. शेवटी मी मास्कचं अख्खं खोकं घेऊन निघाले.

ती धुळीत उभी होती, आणि मास्क लावलेला होता. माझ्या हातातलं खोकं पाहून तिने मास्कमधूनच म्हटलं, "आज लावलाय गं."

पाइपाच्या जवळ आल्यावर तिने ब्रेकर बाजूला ठेवला आणि छिन्नी-हातोडी घेतली. तो भाग मला बघवला नाही आणि सोडवलाही नाही. लहान मुलाच्या डोक्यावरची खपली काढावी तशी ती एकेक कपचा उचलत होती. शॉवरचा पाइप मोकळा झाला. पाणसळ ठेवली, बुडबुडा जिथे हवा तिथे. बेसिनचा मोकळा झाला, तोही बरोबर. मग कमोडचा. तिने त्यावर पाणसळ ठेवली, पाहिलं, पाणसळ उलटी करून पुन्हा ठेवली.

"आई, बाबांना बोलाव."

"काय झालं?"

"बोलाव फक्त."

रूडी आमच्या घरी स्वयंपाकघरात एकाच कॉफीच्या कपासमोर तासभर बसला होता. मी म्हटलं, "तिने बोलावलंय." तो उठला आणि कुणी न सांगता गॅरेजमधून दोन बादल्या उचलल्या.

लेम्पीने त्याला जागा करून दिली. तो गुडघ्यावर बसला. त्या गुडघ्यांना बसायला वेळ लागतो. पाणसळीतला बुडबुडा नको त्या टोकाला जाऊन बसला होता. छत्तीस वर्षं यंत्रं सरळ केलेल्या माणसाला बुडबुडा वाचायला कुणी शिकवावं लागत नाही.

"मी जोरात पाय दिला असेल का?" त्याने विचारलं.

"नाही. तुम्ही पाणी सोडलंत ना. रिकामा पाइप ओल्या काँक्रीटमध्ये तरंगतो, बाबा. ओंडक्यासारखा. टोक वर आलं."

लेम्पी बापाला नेहमी 'तू' म्हणते. त्या क्षणी ती 'तुम्ही' म्हणाली. गिऱ्हाइकाला समजावतात तसं, नीट, दोष न देता. ते तिच्या लक्षातही आलं नसेल.

"म्हणजे स्टाने..."

"पहिले दोन महिने काही कळलं नसतं. नंतर रोज तुंबलं असतं. आणि तेव्हा वर टाइल्स असत्या."

रूडीने पाणसळ उचलून पुन्हा ठेवली. मग म्हणाला, "फोटोत हे दिसलं नसतं."

"फोटो शुक्रवारचा आहे."

तो उठला, आणि बादल्या भरायला लागला. त्या दिवशी त्याने त्रेचाळीस बादल्या राडारोडा पायऱ्या चढून वर नेला. मी त्याला रक्तदाबाची आठवण दोनदा करून दिली. तिसऱ्यांदा त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मीही एक बादली उचलली. वाइनो चर्चहून परतताना खिडकीशी वाकून म्हणाला, "काय रे रूडी, काल आत टाकलंस, आज बाहेर काढतोस? पगार दोन्हीकडून?"

"उतर खाली," रूडी म्हणाला. "तुझ्या तोंडालाही उतार कमी आहे, लेम्पी लावून देईल."

वाइनो उतरला. चर्चच्या कपड्यांत.

संध्याकाळपर्यंत लेम्पीने कमोडचा पाइप कापून नवा घातला, सगळे उतार पुन्हा तपासले आणि पुन्हा काठोकाठ पाणी भरलं. या वेळी बुचांवर रूडीने स्वतः एकेक चिठ्ठी चिकटवली: हात लावू नये.

सोमवारी नऊला पाच मिनिटं असताना कार्ल आला. मी आणि विडा वर स्वयंपाकघरात. विडाने कॉफी टाकली होती, टेबलावर पोतित्सेचं ताट. रूडी दारापाशी उभा. कार्लने त्याला मान हलवून नमस्कार केला, हस्तांदोलन केलं नाही, आणि पायऱ्या उतरला.

लेम्पी त्याला चालायला लागल्यापासून कार्लकाका म्हणते. त्या सकाळी खालून तिचा आवाज आला, "गुड मॉर्निंग, मिस्टर ऑस्टबी."

मग कार्लचा आवाज आला, "गुड मॉर्निंग, मिस ग्राहेक."

विडाने माझा हात धरला.

खाली पावलं फिरत होती. पाणसळ ठेवल्याचा टक्‌ असा आवाज, उचलल्याचा, पुन्हा ठेवल्याचा. मग कार्ल म्हणाला, "हा सगळा नवा कोबा फोडलेला दिसतो."

"हो. शनिवारी पडला होता. तपासणीच्या आधी."

"कुणी फोडला?"

"मी."

"मला तर कळलं होतं की फोटो आहेत."

"होते. फोडल्यावर कळलं की कमोडचा पाइप वर आला होता. बदलला. जुना तुकडा तिथे ठेवलाय, बघायचा असेल तर."

दारापाशी रूडीने डोळे मिटले. तिने हे सांगितलं नसतं तरी चाललं असतं. नवा पाइप जागेवर होता. तिने आपलं काम कुठे चुकलं होतं ते स्वतःहून इन्स्पेक्टरच्या हातात दिलं. चूक कुणामुळे झाली, ते मात्र सांगितलं नाही.

"बरं," कार्ल म्हणाला. "खूण करतो."

मग पंधरा मिनिटं. विडाच्या भिंतीवरच्या घड्याळात दर तासाला एक पक्षी बोलतो; त्याने नऊची आरोळी पाच मिनिटं उशिरा ठोकली आणि आम्ही तिघंही दचकलो. माझ्या मनात आलं, पाइप कितीही चांगला असो, एखादं बूच वाईट निघालं तर? पाणी थंडीने आकसतं का? मे महिना आहे, पण तळघर थंडच असतं. विडा पुटपुटत होती, प्रार्थना असावी किंवा लोणच्याचं प्रमाण. रूडी भिंतीला टेकून एकटक बुटांकडे बघत होता.

मग पेन्सिलीचा आवाज. कागदाचा. पायऱ्यांवर पावलं.

कार्ल वर आला. त्याच्या डोक्यावर टोपी होती. मला वाटलं, संपलं. त्याने ओट्याशी जाऊन हात धुतले, सावकाश, बोटांच्या बेचक्यांतूनसुद्धा. फडक्याला पुसले. टोपी काढून टेबलावर ठेवली. मग त्याने खुर्ची ओढली.

"विडा," तो म्हणाला, "त्या किटलीत माझ्यापुरती आहे का?"

विडाने इतक्या घाईने ओतली की कॉफी बशीत जास्त पडली. कार्ल बशीतूनच प्यायला. मग रूडीकडे न पाहता, पोतित्सेचा तुकडा उचलत म्हणाला, "एकवीस वर्षं हे काम करतोय. झाकलेलं काम मीच लोकांना फोडायला लावतो, आणि मग लोक मला शिव्या देतात. मी न सांगता कुणी फोडून ठेवलेलं आज पहिल्यांदा पाहिलं." घोट घेतला. "नोव्हेंबरात झोपडीत तू दाराजवळ, गारठ्यात झोपायचंस, रूडी. फोन करणारे दाराजवळ झोपतात."

"झोपतो," रूडी म्हणाला.

लेम्पी हातात कागद घेऊन वर आली. धुळीने पापण्या पांढऱ्या. मी तो कागद पाहिला. मास्टर प्लंबर या शब्दांपुढे तिचं नाव, त्याखाली कार्लची सही. ग्रंथालयात इतकी वर्षं मी हजारो छापील नावं पाहिली. माझ्या घरचं नाव अधिकृत कागदावर असं, स्वतःच्या कामाने मिळवलेलं, मी तोपर्यंत पाहिलं नव्हतं. मी म्हटलं, "आधी तोंड धू." मला तेवढंच सुचलं.

स्टाने जूनच्या अखेरीस आला. त्याचं नाक खरंच मोठं आहे. आरसा त्याला लहान वाटतो, बाकी तक्रार नाही.

आणि रूडी? त्याने ती गोष्ट लपवली असेल असं तुम्हाला वाटेल. तो ती हार्डवेअरच्या दुकानात सांगतो, सभागृहाच्या नव्या रॅम्पवर बसून सांगतो, दंतवैद्याच्या खुर्चीत तोंड उघडं असतानाही सांगतो. "मी ओतलेला कोबा," तो म्हणतो, "माझा, या हातांनी थापलेला, आरशासारखा. आणि माझ्या पोरीने फोडला. दुसऱ्याच दिवशी!" एवढं बोलून तो समोरच्याकडे बघतो, कौतुकाची वाट पाहत. मागच्या महिन्यात त्या मोठ्या कंपनीचा एक माणूस दुकानात होता. त्यालाही रूडीने पकडून ती गोष्ट ऐकवली, आणि लेम्पीचा फोन नंबर दिला.

राडारोड्यातला एक तुकडा मात्र त्याने बादलीत टाकला नव्हता. ल. ग्रा. कोरलेला. तो आमच्या सॉनाच्या दाराला टेकू म्हणून आहे, दार हवा यायला उघडं ठेवायचं असलं की लावतो. त्या अक्षरांवरून माझा पाय अडखळेल अशी मला भीती वाटते, म्हणून मी तो दर शनिवारी, सॉनाच्या दिवशी, बाजूला सरकवते. दर शनिवारी रूडी तो परत जागेवर आणतो.